लोइसचे पाच सेकंद

आत्मसंरक्षणाच्या दृष्टीने आपलं घर सदोष आहे, हे वेंडेल प्रुइटच्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली. तोपर्यंत तो त्या घरात नुसता राहत होता. सकाळी न्याहारी करायची, लोकांच्या स्वयंपाकघरांची मापं घ्यायला बाहेर पडायचं, त्या मापाची कपाटं बसवून द्यायची आणि संध्याकाळी बायकोशेजारी बसून टीव्ही बघायचा, तोही मुख्य दरवाजाकडे पाठ करून. दरवाजाकडे पाठ! हे आठवलं की आजही त्याच्या अंगावर काटा येतो.

निमित्त झालं ते पलीकडच्या गल्लीतल्या चोरीचं. कुणाच्या तरी गॅरेजमधून वाळकी पानं उडवायचं यंत्र गेलं. इंडियानातलं आमचं बीव्हर फोर्क हे गाव एवढंसं. दोन आठवडे चर्चमध्ये, न्हाव्याकडे आणि दाण्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. पुढे ते यंत्र शेजाऱ्याकडेच सापडलं. त्याने ते रीतसर मागून नेलं होतं आणि मालक विसरला होता. पण तोवर वेंडेलने पिस्तूल घेतलं होतं, आणि चोरी झालीच नव्हती एवढंसं कारण त्याला पिस्तूल परत करायला पुरेसं वाटलं नाही.

पिस्तूल घेतलं की माणूस निर्धास्त होतो, असा बाहेरच्यांचा समज आहे. आम्हा जाणकारांना माहीत आहे की खरी धास्ती तिथून सुरू होते. वेंडेलने प्रशिक्षणाचा पहिला वर्ग केला, त्यात त्याला कळलं की धोका समोरून येतो. दुसऱ्या वर्गात कळलं की समोरून येतो तो किरकोळ. खरा धोका बाजूने येतो. तिसरा वर्ग फक्त पाठीमागच्या धोक्याचा होता आणि त्यात जेवणही धरलेलं होतं. हे सगळे वर्ग करून झाल्यावर, पूर्वी ज्याला फक्त दाढदुखीची भीती वाटायची अशा या माणसाला पेट्रोल पंप, एटीएम, मॉलचा वाहनतळ, लिफ्ट आणि स्वतःच्या घरातला बोळ यांची सारखीच भीती वाटू लागली. प्रशिक्षकाने त्याची पाठ थोपटली आणि सांगितलं की यालाच जागरूकता म्हणतात.

इतका जागरूक झालेला माणूस घरात मावत नाही. त्याला आपल्यासारखी माणसं लागतात. वेंडेल आमच्या बीव्हर फोर्क आत्मसंरक्षण पिस्तूल मंडळात दाखल झाला.

मंडळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमचं पिस्तूल लपलेलं असावं, ते आपल्याजवळ आहे हे कुणाला कळू नये, असा मूळ नियम आहे. त्यासाठी प्रत्येकाने मातकट रंगाचं, बिनबाह्यांचं, भरपूर खिशांचं जाकीट घालणं सक्तीचं आहे. ऑगस्टच्या उकाड्यात, गावातले बाकी सगळे अर्ध्या चड्डीत फिरत असताना, आम्ही आठ जण ती जाकिटं घालून रस्त्याने जातो तेव्हा कुणाला म्हणून काही कळत नाही. शनिवारी सामन्याआधी आम्ही महामार्गावरच्या खानावळीत न्याहारीला जातो. दरवाजाकडे पाठ करायची नाही हा दुसरा नियम असल्यामुळे आठही जण लांब टेबलाच्या एकाच बाजूला, भिंतीला पाठ लावून, शाळेच्या फोटोला बसल्यासारखे ओळीने बसतो. समोरच्या आठ खुर्च्या रिकाम्या. एकमेकांशी बोलायचं तर कुणाकडे वळायचं नाही, नजर दरवाजावर ठेवायची. वाढणारी बाई कॉफी ओतताना दर वेळी विचारते, “आणखी कुणी यायचंय का?” आणि आम्ही सगळे एकदम दचकतो.

सामना म्हणजे मातीच्या बांधामागचं मैदान, लाकडी चौकटींना जाळी ठोकून केलेल्या खोट्या भिंती, निळी प्लास्टिकची पिंपं आणि माणसाच्या आकाराचे पुठ्ठे. काही पुठ्ठे गुंड असतात. काही निरपराध असतात, त्यांच्या छातीवर पांढऱ्या रंगात दोन उघडे पंजे काढलेले असतात. पिस्तुलात खऱ्या गोळ्या. सुरुवातीला मंडळाचे अध्यक्ष ओरिन हॉफमायर प्रसंग वाचून दाखवतात. ओरिन आयुष्यभर जिल्ह्याच्या वजनमाप खात्यात होते. पेट्रोल पंपावर चमचाभर पेट्रोल कमी भरलं तरी पंपाला सील ठोकणारे, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतरही त्यांना वेळ मोजायचं यंत्र हातात धरल्याशिवाय करमत नाही.

“आपण आपल्या मेहुणीच्या लग्नात केक कापत आहात,” ओरिननी गंभीरपणे वाचलं. “सुरी उजव्या हातात आहे. मंडपात पाच गुंड शिरतात. नवरी मध्ये उभी आहे. आपल्या कुटुंबाचं रक्षण करा.”

“केक खाली ठेवायचा का, ओरिन?” वेंडेलने पहिल्याच सामन्यात विचारलं.

“केकविषयी नियमांत काही म्हटलेलं नाही.”

“आणि नवरी?”

“नवरीविषयी म्हटलेलं आहे. पाच सेकंद.”

म्हणजे असं की, सगळे गुंड पाडायला लागलेला वेळ हा तुमचा निकाल. निरपराधाला गोळी लागली की त्यात पाच सेकंद वाढतात. एकदा लागली काय, दोनदा लागली काय, पाचच. आडोशाबाहेर पाय पडला किंवा गुंड ठरलेल्या क्रमाने मारले नाहीत, तर तो कार्यपद्धतीचा भंग, त्याचे तीन. पिस्तुलाचं तोंड भलतीकडे वळवलं तर मात्र सरळ घरी. तेवढं एक आमच्याकडे अक्षम्य आहे.

वेंडेलने त्या दिवशी पाचही गुंडांना पाडलं, आणि नवरीलाही. नंतर एका प्रसंगात एक वाढपी पाडला, एकात नन, एकात बसची वाट बघणारे आजोबा. दर वेळी तो खजील व्हायचा आणि आमचा विजेता डेल्बर्ट स्टकी त्याची समजूत घालायचा. डेल्बर्ट गावातला दातांचा डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेदनेशेजारी शांतपणे उभं राहिलेला माणूस. “अरे, होतं असं,” तो म्हणायचा. “आजोबा पाचच सेकंदांचे होते. तू पिंपापाशी घुटमळलास तिथे तुझे जास्त गेले.”

वेंडेलचा नेम यथातथाच राहिला, पण त्याच्या दुसऱ्या गुणाकडे अध्यक्षांचं लक्ष होतं. मंडळात तक्रार सुरू झाली होती की प्रसंग वास्तवाला धरून नसतात. मागच्याच महिन्यात सगळ्यांना संडासाच्या भांड्यावर बसून सुरुवात करायला लावली होती, आणि दोघांना त्यात आपला अपमान वाटला होता. ओरिननी बैठक घेतली. “ज्याला घराची मापं समजतात असा माणूस आपल्यात आहे,” ते म्हणाले, आणि वर्षाच्या शेवटच्या सामन्याचा प्रसंग रचण्याचं काम वेंडेलवर सोपवलं. वेंडेलची छाती फुगली. त्याला अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं पाठ होती, पण सगळ्यात चांगलं पाठ होतं ते स्वतःचं. त्याने मैदानावर आपलं घर उभं केलं.

बोळ, बैठकीची खोली, जेवणाची जागा, स्वयंपाकघर. सगळं इंचाइंचाला बरोबर. स्वयंपाकघराच्या मधोमध त्याने स्वतः हौसेने बसवलेला लांब ओटा होता, तोही त्याने पिंपं आडवी टाकून जागेवर आणला. चोर सिंकपाशी उभा केला. आणि चोराच्या पुढ्यात, घरात ज्या वेळी बघावं त्या वेळी जी तिथे उभी असते तिला उभं केलं. निरपराध पुठ्ठा. पण नुसत्या पंजांवर त्याचा विश्वास नव्हता. आजवरचा त्याचा इतिहास त्याला माहीत होता. पुठ्ठ्यावर लोइसचेच कपडे घातले तर आपला हात नक्की थांबेल, असा त्याने विचार केला. विचार प्रेमाचा होता हे त्याच्या शत्रूंनीही नंतर मान्य केलं.

“तुझा तो नाताळचा हिरवा स्वेटर देशील का?” त्याने लोइसला विचारलं. “हरणाचं चित्र असलेला.”

“कशाला?”

“तुला वाचवायची प्रॅक्टिस करायचीय.”

लोइस प्रुइट शाळेच्या वाचनालयात काम करते. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिच्यासाठी कसलीच प्रॅक्टिस केली नव्हती. ती हरखली आणि स्वेटर धुऊन, इस्त्री करून दिला.

मग महिनाभर वेंडेल घरात रिकामं पिस्तूल घेऊन सराव करू लागला. बोळातून वाकून यायचं, कोपरा थोडा थोडा करून बघायचा, फ्रिजच्या आडोशाला थांबायचं, दोनदा खटका दाबायचा, परत बोळात. लोइस सिंकपाशी भांडी विसळत असायची. सुरुवातीला तिला गंमत वाटली. एका संध्याकाळी तिने नळ बंद केला.

“वेंडेल, एक विचारू? तिथे मैदानात तू चुकून मला मारलंस तर काय होतं?”

“पाच सेकंद.”

“पाच सेकंद काय?”

“वाढतात. माझ्या वेळेत.”

लोइसने हात पुसले. “आणि त्या फ्रिजच्या बाहेर तुझा पाय आला तर?”

“तीन.”

“म्हणजे मी एक फ्रिज आणि वर दोन.”

“तसं नाही ग ते. हा नियम सगळ्यांनाच आहे. आजोबांनाही पाचच होते.”

“आणि मला दोनदा मारलंस तर?”

वेंडेलला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष. “तरी पाचच,” तो म्हणाला.

लोइस खुर्चीवर बसली. कुठल्या खुर्चीवर बसली याकडे तिचं लक्ष नव्हतं. दरवाजाकडे तिची पाठ होती. “हे बघ,” ती म्हणाली, “मी शनिवारी येते तुझ्या सामन्याला. खुर्ची टाकून बसते. तू मला वाचव, मी आयुष्यात तुझ्या या खुळाला नावं ठेवणार नाही. हवं तर बिछान्यातही ते जाकीट घालून झोप. पण माझ्या त्या स्वेटरला जर तुझ्या गोळीने भोक पडलं ना, तर मी तिथूनच फोर्ट वेनला जोअ‍ॅनकडे जाईन. आणि मग तुझं तू रक्षण करत बस.”

जोअ‍ॅन म्हणजे लोइसची बहीण. वेंडेलशी लग्न करू नको असं लग्नाच्या आदल्या दिवशी सांगणारी ती एकटीच होती, आणि त्यानंतर तिने हे मत बदलल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. चोर, गुंड, दरोडेखोर यांचा वेंडेलने अभ्यास केला होता. लोइसशिवायच्या घराचा नव्हता केला. ते घर त्याला डोळ्यांपुढे आणताच येईना.

शनिवारी अघटित घडलं. आधीचे सगळे प्रसंग वेंडेलने इतके चांगले मारले की शेवटच्या प्रसंगाआधी तो चक्क पहिला होता आणि डेल्बर्ट थोडक्यात दुसरा. आयुष्यात त्याला बक्षीस कधी मिळालंच नव्हतं; शाळेत एकदा लिंबू-चमच्यात तिसरा आला होता, तेही धावणारे तिघंच होते म्हणून. आता उरला होता फक्त त्याच्या स्वतःच्या घरातला प्रसंग. मैदानामागे, झाडाखाली, घडीच्या खुर्चीत लोइस बसली होती. कानांवर गोळ्यांचा आवाज अडवणारी, मंडळाने दिलेली झाकणं, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा डबा.

डेल्बर्टचा प्रसंग आधी झाला. तो बोळातून आला, फ्रिजशी क्षणभर थांबला आणि हरणाच्या शिंगांमधून सरळ चोराला पाडून मोकळा झाला. नंतर तो वेंडेलपाशी आला आणि हळूच म्हणाला, “गणित केलंस ना?”

“कसलं?”

“अरे, बोळातून चोर फक्त तिच्या खांद्यावरून दिसतो. त्याला मोकळा पकडायचा तर तुझ्या त्या ओट्याला वळसा घालून जेवणाच्या टेबलापर्यंत जायला हवं. मी चालून मोजलं, सात सेकंद जातात. तिच्यातून मारलंस तर पाच. दोन सेकंद सरळ फायदा. गोळी पुठ्ठ्यातून आरपार जाते, चोराला लागलेली धरतात.”

“पण ती लोइस आहे रे.”

“पुठ्ठा आहे,” डेल्बर्ट म्हणाला. “लोइस तिकडे बसलीय.” हे त्याने पेशंटला रूट कॅनल सांगताना तो ज्या मायेने बोलतो त्याच मायेने सांगितलं. “आणि खरं सांगू, चूक तुझ्या ओट्याची आहे.”

मधला ओटा नको, असं लोइस स्वयंपाकघर करताना तीनदा म्हणाली होती. वेंडेलने झाडाखाली बघितलं. तिने हात हलवला. त्यानेही हलवला आणि मनाशी पक्कं केलं की बक्षीस गेलं खड्ड्यात, आपण वळसा घालायचा. सात काय, सतरा सेकंद जाऊ देत. ठरवल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं आणि सुरक्षेचा चष्मा पुसावा लागला.

“प्रसंग,” ओरिननी वाचलं. “आपण आपल्या घरात आहात. चोर शिरला आहे. आपल्या पत्नीचं रक्षण करा. समजलं?”

“समजलं.”

“तयार?”

“तयार.”

“सावध...”

यंत्र वाजलं आणि वेंडेल निघाला. बोळ, वाकून. कोपरा, थोडा थोडा. फ्रिजचा आडोसा. इथून डावीकडे वळायचं, ओट्याला वळसा, टेबल. त्याला सगळं पाठ होतं. पण महिनाभर ज्या हाताने घरात रोज संध्याकाळी फ्रिजपाशी थांबून सिंकच्या दिशेने दोनदा खटका दाबला होता, त्या हाताला डावीकडचं काही कुणी शिकवलंच नव्हतं. हात उत्तम प्रशिक्षित होता. तो वर आला आणि त्याने शिकवलं होतं तेच केलं. दोन आवाज झाले. दोन्ही हरणाच्या पोटात, आणि तिथून आरपार चोरात.

“झालं असेल तर पिस्तूल रिकामं करा. दाखवा. रिकामं. मैदान मोकळं,” ओरिन म्हणाले.

वेंडेलने रिकामं पिस्तूल दाखवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. पण आधी त्याने वेळ विचारली.

“पाच धरूनही पहिला,” ओरिननी यंत्र त्याच्यापुढे धरलं. “अभिनंदन.”

टाळ्या पडल्या. आमच्याकडे रीत अशी की, एकाचं झालं की बाकीच्यांनी पुढे जाऊन पुठ्ठ्यांच्या भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, म्हणजे पुढच्याला कोरे पुठ्ठे मिळतात. त्यात कुणी लहानमोठा नाही, पाहुणेसुद्धा हातभार लावतात. सॅलडचा डबा खुर्चीवर ठेवून लोइस आली. तिने ओरिनकडे पट्टी मागितली आणि स्वतःच्या स्वेटरपुढे जाऊन उभी राहिली.

“दोन भोकं आहेत,” ती म्हणाली.

“दोन्ही मिळून पाचच, मॅडम,” ओरिन अदबीने म्हणाले.

तिने दोन तुकडे तोडले, दोन्ही नीट दाबून लावले. वेंडेल मागे येऊन उभा राहिला. “लोइस, मी वळसाच घालणार होतो,” तो म्हणाला. “देवाशपथ.”

“माहीत आहे मला,” लोइस म्हणाली. “तेच तर भयंकर आहे.”

ती डबाही न घेता गाडीत बसली आणि फोर्ट वेनच्या दिशेने गेली. वेंडेलला बक्षीस मिळालं, नेमबाजांच्या वरच्या श्रेणीत बढती मिळाली, आणि घरी जायला डेल्बर्टच्या गाडीत जागा मिळाली. लोइसचं सॅलड आम्ही संपवलं. फार छान होतं.

पुढचे दिवस वेंडेलने एका अत्यंत सुरक्षित घरात काढले. बोळात कुणी नव्हतं. सिंकपाशी कुणी नव्हतं. कुठूनही कुठेही मोकळा नेम लागत होता. संध्याकाळी तो टीव्हीपुढे बसायचा आणि थोड्या वेळाने दरवाजा बघायचंही विसरायचा, इतकं त्याला रडू येत असे. शेवटी न राहवून त्याने फोर्ट वेनला फोन लावला. जोअ‍ॅनने उचलला, “तो आहे,” एवढंच म्हणाली आणि फोन दिला.

“लोइस, परत ये ना.”

“तो नियम बदलून घे, मग येते.”

“किती करायचे म्हणतेस?”

“काय किती?”

“सेकंद.”

“वेंडेल!”

“अग, तसं नाही. ठराव मांडायचा तर आकडा लागतो.”

तिकडे फोन आपटला गेला. तरी वेंडेलने ठराव मांडला. हा माणूस भित्रा असेल, पण बायकोवर त्याचा जीव आहे. खानावळीत, भिंतीला पाठ लावून बसलेल्या सात सभासदांच्या ओळीपुढे, दरवाजाकडे पाठ करून तो एकटा उभा राहिला आणि म्हणाला, “निरपराध माणसाला गोळी लागली की स्पर्धक बाद व्हावा. सरळ घरी.”

ओरिननी कप खाली ठेवला. “तत्त्व म्हणून कुणाचाच विरोध नाही. पण तसं धरलं तर या वर्षीचा आपला एकही निकाल शिल्लक राहत नाही. तुझाही.”

“मग दहा सेकंद करा.”

“दहा केले तर सगळे वळसे घालत बसतील,” डेल्बर्ट म्हणाला. “संध्याकाळ होईल. मटणाच्या चिलीचा रस्सा गार होतो. माणसं यायची बंद होतील.”

शेवटच्या खुर्चीवरून सूचना आली की नात्याप्रमाणे वेगळे दर लावावेत; मुलांना पंधरा, बायकोला दहा, मेहुण्याला दोन. तिला उपसूचना आली की मेहुण्याला काहीच नको. त्यावर ज्यांना मेहुणे होते आणि जे स्वतः मेहुणे होते त्यांच्यात खडाजंगी झाली, कॉफी सांडली, आणि सभा मोडते की काय असं वाटू लागलं. तेव्हा ओरिननी टेबलावर हात आपटला.

“आपण भलत्याच गोष्टीवर भांडतोय,” ते म्हणाले. “मला सांगा, मंडळ निघाल्यापासून आपण निरपराधांना मारतच आलोय. नवऱ्या मारल्या, म्हातारे मारले, कुणी काही बोललं? एकाच्या तरी घरात भांडण झालं?”

“नाही,” सगळे म्हणाले.

“मग बिघडलं कधी?”

सगळ्यांनी विचार केला. “स्वेटर घातला तेव्हा,” डेल्बर्ट म्हणाला.

“बरोबर. दोष सेकंदांत नाही, स्वेटरात आहे.”

आणि ठराव तिथल्या तिथे तयार झाला. यापुढे कुठल्याही निरपराध पुठ्ठ्यावर, ओळख पटेल असा चेहरा, केस, कपडा किंवा दागिना असू नये. निरपराध हा कुणाच्याही ओळखीचा नसावा. दर पूर्ववत पाच सेकंद. हात वर झाले, एकूण एक. वेंडेलनेही केला. आधी थोडा, मग पूर्ण. एवढ्या दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला होता.

त्याने कपाटं वाहायची आपली कामाची गाडी काढली आणि तडक फोर्ट वेन गाठलं. लोइस बहिणीच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

“बदलला,” तो धापा टाकत म्हणाला.

“किती झाले?”

“पाचच आहेत. पण आता ती तू नाहीस.”

“मग कोण?”

“कोणी नाही. कोरा पुठ्ठा. ना स्वेटर, ना काही. आपल्या ओळखीचं कुणीच नसणार, असा नियमच केलाय.”

लोइसने शेंगांची परात बाजूला ठेवली. ती वाचनालयातली बाई. काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, आणि काय चुकतंय हेही बहुधा कळत होतं. पण जोअ‍ॅनच्या घरची पलंगाची स्प्रिंग पाठीत रुतत होती, आणि वेंडेल समोर इतका केविलवाणा उभा होता की तिला त्याची दया आली.

“नक्की मी नाही ना?” तिने विचारलं.

“तू नाहीस.”

“मग बॅग उचल,” लोइस म्हणाली.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. वेंडेल हल्ली फ्रिजपाशी घुटमळत नाही, सरळ मध्ये जो कोणी असेल त्याच्यातून काम उरकतो, आणि लागोपाठ बक्षिसं घेतो. लोइस दर शनिवारी येते, बटाट्याचं सॅलड आणते, आणि पट्ट्या तर ती आमच्या सगळ्यांपेक्षा नीट लावते. मध्यंतरी एकदा तिने एका कोऱ्या पुठ्ठ्यापुढे थोडं थांबून “हा कोण असेल?” असं विचारलं होतं, पण ओरिननी नियम दाखवला आणि तीही हसली.

तुम्हीही कधी आमच्या बाजूला आलात तर शनिवारी जरूर या. गेली बरीच पानं तुम्ही आम्हाला हसताय, तर प्रत्यक्षच बघा. बाहेरच्यांना मज्जाव नाही, जेवण आमच्याकडे. मैदानात मोकळेपणाने फिरा, आमच्या घरात डोकावा, सिंकपाशी उभं राहायला सावली चांगली आहे. संकोच करू नका. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.